शूबर्ट 'उपेक्षित' होता म्हणे!

पोटभाडेकरू:
परवा इथेच 'जगाने न ओळखलेले कलावंत' असा लेख आला. त्यात व्हिएन्नाचा संगीतकार फ्रान्झ शूबर्टवर चार ओळी: हयातीत कुणी विचारलं नाही, उपाशीपोटी गाणी लिहिली, एकतिसाव्या वर्षी अनामिक मेला. खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग. तिथे लिहिणार होतो, पण राग मावेना म्हणून वेगळा धागा.

अहो, १८२१ मध्ये त्याचं 'एर्लकोनिग' हे गाणं छापायला प्रकाशक तयार नव्हते, तेव्हा मित्रांनी वर्गणी काढून छापलं, आणि ते खपलं. मरेपर्यंत त्याच्या छापील ओपसचा, म्हणजे क्रमांक देऊन छापलेल्या रचनांचा, आकडा शंभरावर गेला होता. २६ मार्च १८२८ ला व्हिएन्नात फक्त त्याच्याच रचनांची जाहीर मैफल झाली, सभागृह भरलं होतं. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, कारण तीनच दिवसांनी तिथे पॅगानिनीची पहिली मैफल होती आणि सगळं गाव त्याच्या व्हायोलिनमागे वेडं झालं होतं. याला नशीब म्हणा. अनामिक कसा म्हणता?

तिरकस सुपारी:
छापलं काय, ते बघा ना. गाणी, नाच, घरी चार हातांनी पियानोवर वाजवायच्या चिजा. बैठकीच्या खोलीत खपणारा माल. सिंफन्यांचं, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनांचं काय? मोठी सी मेजर सिंफनी त्याच्या हयातीत कुठे जाहीर वाजली? संगीतकार शूमान व्हिएन्नाला शूबर्टच्या भावाकडे, फर्डिनांडकडे गेला, तिथल्या ढिगात ती सापडली, आणि मार्च १८३९ मध्ये संगीतकार फेलिक्स मेंडेल्सननं लाइपझिगला वाजवली. 'अपूर्ण' सिंफनी तर १८६५ ला लोकांच्या कानावर पडली, मेल्यावर ३७ वर्षांनी. उपेक्षा नाही तर काय, सत्कार?

पोटभाडेकरू:
'अपूर्ण'ची वही मित्राच्याच घरात पडून होती. व्हिएन्नानं न ऐकलेल्याचा दोष व्हिएन्नाला कसा?

आणि उपेक्षाच हवी असेल तर खरी सांगतो, ती तरी लिहा. १८१६ मध्ये मित्रांनी त्याची गाणी कवी ग्योथेला पाठवली, ती उत्तराशिवाय परत आली. पुढच्या वर्षी 'एर्लकोनिग' लाइपझिगच्या प्रकाशकाकडे गेलं, तर त्यांनी ते ड्रेस्डेनच्या भलत्याच फ्रान्झ शूबर्टला परत पाठवलं. तो गृहस्थ चिडला, की असलं टुकार काम माझ्या नावावर कोण खपवतंय!

कोरा कागद:
पोलिसांना विसरलात. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख, त्याची ती व्हिएन्ना. १८२० मध्ये त्याचा कवीमित्र सेन याच्या खोलीवर धाड पडली तेव्हा शूबर्ट तिथेच होता. हा दमदाटीवर सुटला, सेन वर्षाहून जास्त आत, मग हद्दपार. जिथे चार तरुण जमले की हेर कान लावतात, तिथे गाणं मित्रांच्या घरातच वाढणार. 'बैठकीच्या खोलीतला माल' असं नाक मुरडण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

फोडणीची पोळी:
छान. शूबर्टसाठी तिघांच्या डोळ्यांत पाणी. छापला तरी गेला ना तो, स्वतःच्या नावानं? त्या फेलिक्सची बहीण, बर्लिनच्या फॅनी मेंडेल्सनचं काय? बापानं १८२० मध्ये पत्रात स्पष्ट लिहिलं, की संगीत फेलिक्सचा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो दागिनाच. ती तेव्हा चौदा वर्षांची. पुढे तिची सहा गाणी भावाच्या नावानं छापली, तीन-तीन करून दोन ओपसांत. १८४२ ला राणी व्हिक्टोरिया फेलिक्सला म्हणाली, तुमचं आवडतं गाणं गाते, आणि गायली ते नेमकं फॅनीचं. त्याला कबूल करावं लागलं.

तिरकस सुपारी:
विषय शूबर्ट. पण आलात तर ऐका. फॅनी बँकरची मुलगी. त्या थरात पैशासाठी कला करणं हेच हलकं. पियानोवादक क्लारा वीक पियानो शिकवणाऱ्या आणि विकणाऱ्याची पोर, ती नऊ वर्षांची असल्यापासून स्टेजवर. तीही बाईच. म्हणजे अडचण पैशाची, पदराची नाही.

फोडणीची पोळी:
मग फेलिक्सही त्याच बँकरचा मुलगा. त्याला कुणी अडवलं?

आता माझ्या आत्याचं सांगते. विशारदचे दोन पेपर राहिले होते, फी भरलेली. बघायला येणाऱ्यांसमोर प्रत्येक वेळी गायला बसवायचे. ठरलं, आणि गाणं हरतालिकेच्या आरतीपुरतं उरलं. पेटी भजनी मंडळाला दिली, परत आली तेव्हा दोन पट्ट्या गायब. आज पंचाहत्तरीला ती गच्चीत बसून शेजारच्या मुलीचा निषाद उतरला की कपाळावर हात मारते. 'दागिना' हा शब्द वाचला तेव्हा मला बर्लिन दिसलं नाही, ती पेटी दिसली.

तिरकस सुपारी:
वाईट वाटलं, खरंच. पण पुरावा म्हणून आत्या? फॅनीच्या घरी रविवारी मैफली भरायच्या, ती स्वतः वाजवायची, गायकवृंद चालवायची. नवरा चित्रकार, तो उलट 'छाप' म्हणून मागे लागलेला. आडवा येणारा भाऊच होता.

फोडणीची पोळी:
म्हणजे घरात गायली की पुरे! मघाशी शूबर्टचं 'बैठकीच्या खोलीतला माल' म्हणून कमी लेखणारे आपणच ना? पुरुष असला की उपेक्षा, बाई असली की सोय. व्वा.

शुद्ध उच्चार:
'एर्लकोनिग' काय? शेवट 'इश्श'सारखा होतो. आधी नीट लिहा, मग भांडा.

कोरा कागद:
काका, चमच्यातला च आणि चहातला च वेगळा का, हे जर्मन माणसाला समजावून दाखवा. तोवर शांत बसा.

तिरकस सुपारी:
बैठकीच्या खोलीबद्दल पकडलंत, मान्य. तेवढंच मान्य. १८४६ ला फॅनीनं स्वतःच्या नावानं ओपस एक काढला, भावानंही उशिरा का होईना शुभेच्छा दिल्या.

फोडणीची पोळी:
आणि मे १८४७ ला ती गेली. चाळिशी पार केल्यावर वर्षभराची मोकळीक. भावाचे आभार मानायचे का?

पोटभाडेकरू:
माझा धागा शूबर्टवर होता. असो. पोळीताई, आत्यांना फॅनीची 'दास यार' ऐकवा, वर्षाच्या बारा महिन्यांवर पियानोच्या रचना आहेत. आणि त्या काय म्हणाल्या ते इथेच लिहा, नवा धागा काढू नका.

फोडणीची पोळी:
ऐकवली. मार्चपर्यंत ऐकून म्हणाली, 'हिला शिकवलं कुणी?' मग चहा मागितला.