पुतळ्याला भाऊ नसतो

पारसिकचा वारा : काल 'नेरुळकर' यांनी लिहिले की, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्लास्टिकच्या पुतळ्याभोवती उभे करून आणीबाणीचे नाटक करायला लावणे हा फी वाढवण्याचा नवा मार्ग आहे, आणि एकजुटीने काम करणे हे वॉर्डात चार रात्रपाळ्या केल्या की आपोआप येते. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात अकरा वर्षे शिकवते आहे. ते 'आपोआप' वाचून मला गप्प बसवेना. वॉर्डात आपोआप येते ती भीती. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या खाटेभोवती सात जण जमतात, दोघी एकच इंजेक्शन भरू लागतात, छातीवर दाब देणारी मुलगी एकटीच दमत राहते आणि वेळेची नोंद कोणीच करत नाही. मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, दर 2 मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलायची, हे प्रत्येकीला तोंडपाठ असते. परंतु "मी दमले, आता तू ये" एवढे वाक्य पहिल्या सरावात कोणाच्याही तोंडून फुटत नाही. पुतळ्याचा उपयोग त्या वाक्यासाठी आहे.

नेरुळकर : वाक्य सुंदर आहे. मात्र पुतळ्याला भाऊ नसतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढ्या आणीबाणी पाहिल्या, त्या प्रत्येक वेळी दारात एक नातेवाईक मोबाइलवर चित्रण करत उभा असे, आणि एकदा तर ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावीच जागेवर नव्हती. ती शेवटी शेजारच्या वॉर्डातल्या आयाबाईंच्या खिशात सापडली. तुमच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत ही चावी हरवते का? भारतीय परिचर्या परिषदेच्या सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला, म्हणजे अशा खोट्या प्रसंगावरच्या सरावाला, जागा मिळाली, म्हणून ते आपसूक शहाणपणाचे ठरत नाही.

घोडबंदरची रात्रपाळी : मला दोन्ही बाजू मान्य आहेत, पण खरा घोळ 'सिस्टर' या शब्दाचा आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टर ओरडले, "सिस्टर, अ‍ॅड्रिनलिन द्या." आम्ही तिघी तिथे होतो, दुसरीने दिले असेल असे प्रत्येकीला वाटले आणि कोणीच दिले नाही. महाविद्यालयात आमच्या ट्यूटरने छातीवर चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायला लावले होते. नाव घेऊन सांगायचे आणि ऐकणाऱ्याने "एक मिलिग्रॅम दिले, दोन वाजून चार मिनिटे" असे परत म्हणायचे, असा नियम होता. तेव्हा आम्ही त्या पट्टीला हसलो होतो.

माजी मेट्रन : 'सिस्टर' हा घोळ नाही, तो मान आहे, आणि आमच्या पिढीने तो मिळवला आहे. काल इंटर्नशिप संपवलेला मुलगा उद्या पन्नाशीच्या बाईंना "ए सुनंदा" म्हणू लागला, तर त्यातून कसली एकजूट साधणार?

घोडबंदरची रात्रपाळी : "सुनंदाताई" म्हणता येते, मॅडम. मान राखण्याच्या नादात इंजेक्शन राहून गेले तर तो मान कोणाच्या कामाचा?

माजी मेट्रन : आपण माझी नोकरी पाहिलेली नाही, तेव्हा मला औषधाचे महत्त्व शिकवू नका.

कळव्याचा ब्रदर : मी पुरुष आहे, दाढी ठेवतो, तरीही गडबडीत मला 'सिस्टर' अशीच हाक येते. मी कोणता मान मिळवला, एवढे कोणी सांगेल का?

पाम बीचचा पादचारी : मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून 583 माणसे दगावली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, ही शंका त्यांपैकी एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे याचे प्रशिक्षण सुरू केले, आणि इस्पितळांनी ते त्यांच्याकडूनच उचलले.

नेरुळकर : उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचे दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. त्या प्रशिक्षणात कॅप्टनही बसतो. 'पारसिकचा वारा' यांच्या पुतळ्याभोवती डॉक्टर कुठे असतो? नर्सने कसे बोलावे हे नर्सनाच शिकवायचे, आणि ज्याने ऐकायचे तो मात्र कँटीनमध्ये, असा हा प्रकार आहे.

पारसिकचा वारा : हा घाव वर्मी लागला, हे नाइलाजाने मान्य करते. एका वैद्यकीय महाविद्यालयाकडे मी दोन वर्षे चार इंटर्न मागते आहे. दर वेळी परीक्षा जवळ आलेल्या असतात. त्यामुळे आमच्याकडे डॉक्टरची भूमिका तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी करते, आणि ती खऱ्या डॉक्टरांपेक्षा सरस ओरडते. तरीही सरावानंतरच्या चर्चेत "मॅडम, डोस दोनदा झाला असता" असे एखादी मुलगी तिला तोंडावर सांगते, तेव्हा तो दिवस मला वाया गेलेला वाटत नाही. आपला अनुभव एवढा दांडगा आहे, तर एकदा प्रयोगशाळेत येऊन दारातला भाऊ व्हा.

नेरुळकर : मत बदललेले नाही. तारीख कळवा, सिलिंडरची चावी मी आधीच लपवून ठेवीन.