मदत हवी आहे: एकबारी रायफलला नवा दस्ता, खर्च किती?

कोरेगावकर: माळ्यावर पणजोबांची रायफल सापडली, एका वेळी एकच गोळी भरायची. लाकूड वाळवीनं खाल्लंय, लोखंड धड आहे. होती तशी करून घ्यायचीय. साताऱ्यात कोण करतं, किती लागतील? खंडेनवमीला पूजेत ठेवायचीय, तेव्हा लवकर सांगा.

रानवाट: ठासणीची की काडतुसाची? परवाना कुणाच्या नावावर? फोटो कुठाय?

कोरेगावकर: एकबारी म्हटलंय ना. चापामागचा दांडा खाली ओढला की वरचा ठोकळा उघडतो. उजव्या अंगाला मुकुट, व्ही.आर., एन्फील्ड, 1878. आता खर्चाचं बोला.

जुनाट: मार्टिनी-हेन्री दिसतेय. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, एन्फील्ड म्हणजे इंग्रजांचा सरकारी बंदूक कारखाना. ब्रिटिश फौजेनं 1871 साली घेतली. बाहेर घोडा (ठोका मारणारा) नसतो. दस्ता अक्रोडाचा, दोन तुकड्यांत. मागचा तुकडा आतून लांब बोल्टनं आवळलेला. तो बोल्ट आहे का?

तंबोरावाला: अक्रोड कशाला? मिरजेला या. सतारीचं तूनचं लाकूड असं घासून देतात की हात फिरवत बसाल.

जुनाट: तून मऊ असतं हो. बंदूक आहे, सतार नव्हे.

तंबोरावाला: वाजवायची कुठंय त्यांना? पूजेलाच ठेवणार ना!

निवृत्त तलाठी: परवान्याचं उत्तर आलंच नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानं विनापरवाना बाळगणं गुन्हा, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. कलम 45 मध्ये जुन्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशा. तुम्ही म्हणताय लोखंड धड आहे. मग सूट कसली? सुतार शोधायच्या आधी पोलीस ठाणं गाठा.

सातासमुद्रापार: माझ्या भाच्यानं अमेरिकेत 1874 च्या शार्प्स या जुन्या अमेरिकी रायफलीच्या नमुन्याची नवी एकबारी बनवून घेतली. अडीच-तीन हजार डॉलर गेले, वर नंबर लागायची वाट. लाकडाची प्रत वाढवली की बिल वाढलंच.

रानवाट: छान. त्याचा इथं काय उपयोग?

जुनाट: कोरेगावकर, एक बघा. एन्फील्डमधला इंग्रजी एन उलटा आहे का?

कोरेगावकर: राख लावून पुसलं, भिंगातून बघितलं. उलटाय. म्हणजे?

जुनाट: राख लावू नका हो! म्हणजे खैबर खिंडीकडची नक्कल. तिथले लोहार कानस-हातोड्यावर अख्खी रायफल घडवायचे, शिक्का बघून बघून कोरायचे. इंग्रजी येत नसे, अक्षर उलटं पडायचं. 1878 वरही जाऊ नका. पणजोबा फौजेत, तिकडं वायव्य सरहद्दीवर, फ्रंटियरला होते का?

कोरेगावकर: होते, वझिरिस्तानात. पण घरात सगळे सांगतात साहेबानं बक्षीस दिली.

चहाबाज: खंडेनवमीला आमच्याकडं कोयता नि पाना ठेवतात. देवी चालवून घेते.

कोरेगावकर: दस्त्याचा आकडा अजून कुणी दिला नाही. आणि हे उलट्या एनचं आजीला सांगू का नको?

निवृत्त तलाठी: आजीचं नंतर. पोलीस ठाण्यात गेलात का?