'वरचं', उष्टावण आणि रिन्यूशोकु

आम्ही जपानात, योकोहामात राहतो. लेक साडेपाच महिन्यांची झाली. परवा तपासणीला आरोग्यसेविकेनं विचारलं, "रिन्यूशोकु सुरू केलं का?" त्याच रात्री सासूबाईंचा फोन, "उष्टावण कधी करताय? पाचवा सरला, आता सातव्यातच करा." मुलीचं विषम महिन्यात करतात ना!

'रिन्यूशोकु' या जपानी शब्दात तीन अक्षरं आहेत, प्रत्येकाला आपला अर्थ: सुटणं, दूध, अन्न. दूध सुटताना द्यायचं अन्न. याला मराठीत काय म्हणायचं, असं सांगली-मालवणच्या मैत्रिणींना विचारलं. 'पूरक आहार' अंगणवाडीच्या तक्त्यावर वाचलाय, पण घरात कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

सांगली : ताई, आमच्याकडे सरळ 'वरचं' म्हणतात. "बाळाला वरचं सुरू केलं का?" अंगावरच्या दुधाखेरीज जे देतो ते वरचं. गाईचं दिलं तर ते 'वरचं दूध'. उष्टावण वेगळं, तो एका दिवसाचा संस्कार. मामाची मांडी, चांदीची वाटी, खीर. बाळानं अन्नाला तोंड लावलं, ते उष्टं केलं, म्हणून उष्टावण. एरवी उष्टं आपण बाजूला सारतो, त्या दिवशी मात्र त्याचंच कौतुक. मला हा शब्द फार आवडतो.

योकोहामा : मग उष्टावणाचा जोड इथल्या 'ओकुइझोमे'शी लागतो! साधारण 100व्या दिवशी बाळापुढे अख्खा मासा, भात, सूप असं ताट मांडतात आणि घास नुसता ओठांना टेकवतात. दात बळकट व्हावेत म्हणून ताटात खडाही असतो.

वरच्याचे टप्पेही तोंडाच्या आवाजावरून ओळखतात. 5-6 महिन्यांना 'गोक्कुन', 7-8 ला 'मोगुमोगु', 9-11 ला 'कामिकामि'. यांना मराठी सुचवाल?

मालवण : गोक्कुन म्हणजे आपलं 'घटकन'. मोगुमोगुला 'मुटूमुटू', दात नसलेली आजी खाते तसं. तिसऱ्याला 'चावून चावून' पुरे. पहिला घास कशाचा देतात तिथे?

योकोहामा : 'जूबाइगायु', म्हणजे दहापट पेज. 1 वाटी तांदळाला 10 वाट्या पाणी, मऊ शिजवून गाळणीवर घोटायची आणि पहिल्या दिवशी एकच छोटा चमचा. आई म्हणाली, "अगं, ही तर पेजच!" फक्त तिच्या पेजेत मीठ होतं आणि वर तूप. इथे सुरुवातीला मीठ घालत नाहीत. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंनी तान्ह्या बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाईंना हे नीट समजावून सांगितलं, कारण आपल्याकडे अजूनही जन्मल्याबरोबर मध चाटवतात.

सांगली : एक राहिलंच. अंगावरचं बंद करण्याला आपण 'दूध तोडणं' म्हणतो. तिकडे?

योकोहामा : हुबेहूब तेच, 'दान्न्यू', दूध तोडणं. पण हल्ली 'सोत्सुन्यू' जास्त ऐकू येतं. शाळा पुरी करून बाहेर पडावं, तसं बाळानं आपणहून दुधातून बाहेर पडणं.

सांगली : त्याला आमची आजी 'दूध सुटलं' म्हणायची. तोडलं नाही, सुटलं.

योकोहामा : हे हवं होतं! उद्या सकाळी पहिली पेज. इथे आईबाळाची वही असते, तिच्यात रिन्यूशोकुच्या तारखेशेजारी मराठीत 'वरचं सुरू' लिहून ठेवते.