नासाच्या समितीत खगोलजीवशास्त्रज्ञ कशाला?

बागाईतदार, तासगाव
नमस्कार मंडळी. मंगळवारी पहाटे औषध मारायला ब्लोअर जोडत होतो. वर बघतो तर पंधरा-वीस दिवे एका ओळीत चाललेले. आवाज अजिबात नाही, दोन-तीन मिनिटांत सगळे गायब. पुतण्यानं मोबाईलवर शूट केलं. पारावर दाखवलं तर लोक हसले, म्हणून इथं विचारतोय. पुतण्याचं म्हणणं, नासानं यूएपीवर, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या अनोळखी गोष्टींवर, समिती नेमली तेव्हा त्यात खगोलजीवशास्त्रज्ञही घेतला. परग्रहावरच्या जीवांचा अभ्यास करणारा माणूस मुद्दाम घेतला, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय ना?

ताराप्रेमी, सातारा
दादा, वर्णनावरून स्टारलिंक वाटतंय. नवे सोडलेले उपग्रह सुरुवातीला असेच ओळीनं जातात. खाली अंधार असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं, म्हणून चमकतात. नेमकी वेळ आणि दिशा टाका, पडताळून सांगतो.

कराडकर मॅडम
दिव्यांचं झालं, पण दादांचा मूळ प्रश्न राहिलाच. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, म्हणून सांगावंसं वाटतं.

त्या समितीत १६ जण होते. त्यातले खगोलजीवशास्त्रज्ञ म्हणजे डेव्हिड ग्रिन्स्पून. यूएपी परग्रहावरून आल्याचा काही पुरावा नाही, हे त्यांनीच ३१ मे २०२३ च्या जाहीर बैठकीत सांगितलं. मग त्यांना घेतलं कशाला? कारण "हे जीवसृष्टीचंच लक्षण" असं म्हणायची घाई किती अंगाशी येते, ते या शास्त्राइतकं कुणी सोसलेलं नाही. १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग यानानं मंगळाच्या मातीवर पोषकद्रव टाकलं आणि आत जिवाणू असावेत तसा वायू बाहेर आला. १९९६ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या अशनीत जीवाश्म असावेत, असं जाहीर झालं. २०२० मध्ये शुक्रावर फॉस्फिन, म्हणजे पृथ्वीवर जिवाणूंशी जोडला जाणारा वायू, सापडल्याचा दावा झाला. प्रत्येक वेळी "दुसऱ्या कशानं असं झालं असेल का?" हा प्रश्न आडवा आला, आणि तो यायलाच हवा.

एकदा आमच्या मुलींनी प्रीतिसंगमावरच्या पाण्याचे नमुने जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावले. दोन दिवसांनी इनक्युबेटर उघडला, तर जिच्यावर काहीच टाकलं नव्हतं त्या कोऱ्या प्लेटवरही टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका. सगळ्या प्लेटा बाद. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, बाकीच्या तर खऱ्या आहेत." असतीलही. पण आता कोणती खरी, ते कसं सांगायचं? त्या दिवशी मलाही वाईट वाटलं होतं, तरी प्लेटा टाकायलाच लावल्या.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचंच बघा. त्यांच्या प्रयोगात हैदराबादहून सोडलेल्या बलूननं ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. २००९ मध्ये इस्रोनं ते जाहीर केलं, पण त्यांचा उगम पृथ्वीबाहेरचा असल्याचं यातून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगितलं. नारळीकरांना तर जीवसृष्टी अंतराळातून आल्याच्या कल्पनेत मनापासून रस होता. तरी त्या वेळी निष्कर्ष पुराव्याच्या पुढं नेला नाही. अशा सवयीचा माणूस यूएपीच्या चर्चेत हवा.

बागाईतदार, तासगाव
मॅडम, पटलं. पण वैमानिकांनी काढलेले व्हिडिओ आहेत की. ती माणसं अडाणी नाहीत.

कराडकर मॅडम
अजिबात नाहीत, आणि त्यांना हसूही नये. हसतील या भीतीनं लोक सांगत नाहीत आणि माहितीच गोळा होत नाही, हे त्या समितीनंही मांडलं. अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेतलेल्या ‘गो फास्ट’ व्हिडिओत एक वस्तू समुद्रावरून सुसाट जाताना दिसते. समितीनं स्क्रीनवरच्या आकड्यांवरून गणित केलं तेव्हा ती सुमारे १३,००० फुटांवर, ताशी ४० मैलांच्या आसपास निघाली. वेग होता विमानाचा. एसटीच्या खिडकीतून खांब पळताना दिसतात ना, तसं. पण ते आकडे होते म्हणून हे कळलं. ज्यांच्यात तेवढी माहितीच नाही, ते व्हिडिओ अनुत्तरितच ठेवायचे. त्या मोकळ्या जागेत आपल्या आवडीचं उत्तर भरायचं नाही.

तुमच्याकडं मूळ फाईल आहे का? व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची नोंद राहत नाही.

बागाईतदार, तासगाव
पाच वाजून दहा मिनिटं, नैऋत्येकडून ईशान्येकडं. माझ्याकडं व्हॉट्सॲपचीच प्रत आहे. पुतण्याला आत्ताच फोन केला, मूळ व्हिडिओ त्याच्या मोबाईलमध्ये आहे. मेमरी फुल झाली म्हणून आज डिलीट करणार होता.