मदत हवी आहे: एकाच चुकीला दोन मशीनवर दोन वेगळे एरर कोड

गोदाकाठ: जुन्या बॅकअप फाइली काढून टाकणारा आमचा सी भाषेतला प्रोग्राम आहे. यादीतला एखादा पाथ फोल्डरचा निघाला, तर माझ्या मशीनवर तो वगळून पुढे जातो. सहकाऱ्याच्या मशीनवर मात्र ‘परवानगी नाही’ असे सांगून तिथेच थांबतो. परवानग्या ७७७ (सर्वांना सर्व मुभा) करून पाहिल्या, तरी फरक पडला नाही. उद्या सकाळी काम सोपवायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

घाटमाथा: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, कॉल (सिस्टिमला केलेली विनंती) कोणता आणि एररनोचा, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा, आकडा काय, हे सांगितल्याशिवाय आम्ही अंधारात चाचपडणार.

गोदाकाठ: कॉल अनलिंक, फाइल काढून टाकणारा. माझ्याकडे लिनक्स, आकडा २१. त्याच्याकडे मॅक, आकडा १.

घाटमाथा: मग परवानग्यांचा इथे संबंधच नाही. फोल्डरवर अनलिंक चालवल्यास पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकानुसार ईपर्म (‘परवानगी नाही’), म्हणजे १, यायला हवा आणि मॅक तोच देतो. लिनक्स २.१.१३२ या आवृत्तीपासून २१ देतो, म्हणजे ‘हे फोल्डर आहे’. तो अधिक स्पष्ट असला तरी मानकाबाहेरचा आहे.

सागरतीर: अनलिंकऐवजी रिमूव्ह वापरा, प्रश्नच मिटेल.

घाटमाथा: मिटणार नाही. रिमूव्ह रिकामे फोल्डरही काढून टाकते, आणि बॅकअपच्या कामात असे गुपचूप नाहीसे झालेले फोल्डर परवडणार नाही.

सागरतीर: मग आधी एलस्टॅटने (पाथवर फाइल आहे की फोल्डर ते सांगणाऱ्या कॉलने) तपासा आणि नंतरच अनलिंक करा.

घाटमाथा: तपासणी आणि कॉल यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस तिथे बदल करू शकते, म्हणून आधीच्या तपासणीवर विसंबू नये. आधी अनलिंक करावे, १ किंवा २१ आला तरच एलस्टॅटने पाहावे: फोल्डर असेल तर वगळावे, नसेल तर १ ही खरोखरच परवानगीची अडचण समजावी.

अक्षरवेल: फाइलींची नावे मराठीत असतील, तर हेही पाहा. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधले एक चिन्ह) ३ बाइट घेतो, म्हणजे ८५ झाले की जागा संपते. काना-मात्राही त्यात स्वतंत्र मोजल्या जातात.

गोदाकाठ: नावे इंग्रजीतच आहेत. एलस्टॅट नंतर घातले, मॅकवर फोल्डर आता वगळले जाते. पण लिनक्सवर एका ठिकाणी अजूनही भलताच आकडा छापला जातो.

घाटमाथा: अनलिंक आणि छपाई यांच्या मध्ये दुसरा कोणता कॉल आहे?

गोदाकाठ: लॉग फाइल उघडणारा.

घाटमाथा: तोच एररनो बदलत असणार. अनलिंक अयशस्वी झाल्याबरोबर पुढच्याच ओळीत तो आकडा स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या.