मदत हवी आहे: 'झॅग्रिअस' टाळून पुढे जाता येईल का?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेवरची बिग फिनिश कंपनीची ऑडिओ नाटकं ऐकतोय, पॉल मॅकगॅनने साकारलेला आठवा डॉक्टर (मालिकेचा नायक, वेगवेगळे नट साकारतात). १९९६चा टीव्हीपट पाहिलाय. 'स्टॉर्म वॉर्निंग'पासून क्रमाने 'नेव्हरलँड'पर्यंत आलो. 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' तर दिवे मालवून ऐकावं असं! पण 'झॅग्रिअस'ला गाडी अडली. जवळपास चार तास, आणि आधीच्या डॉक्टरांचे नट भलत्याच भूमिकांत. तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, सारांश वाचला, तरी डोक्यावरून गेलं. पुढचं सगळं विकत घेणं परवडणार नाही, आणि ल्युसी मिलर या डॉक्टरच्या नंतरच्या साथीदारापर्यंत पोचायचंय. आत्ताची साथीदार चार्ली, तिचं काय होतं ते कृपया फोडू नका. 'झॅग्रिअस' अर्धवट सोडून त्यानंतरचं 'स्केर्झो' लावलं तर संदर्भ लागेल, की 'स्केर्झो'पासून गोष्टी ज्या दुसऱ्या विश्वात घडतात ते विश्वच वगळून थेट ल्युसीचं पहिलं नाटक 'ब्लड ऑफ द डालेक्स' घेऊ?