घरात कोणी वकील नसताना मुंबईत वकिली: तुमचे अनुभव

भाची यंदा सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला जातेय. आमच्या घरात कोणी वकील नाही आणि 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे मात्र सगळ्यांना पाठ. सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर पहिली वर्षं कशी गेली, पैसे कुठून आले, काम कोणी शिकवलं, एवढं लिहा. कॉलेजच्या गमतीजमती पुन्हा कधीतरी.

डोंबिवली फास्ट
मी क्रिमिनल साइडला. पहिल्या वर्षी माझं मुख्य काम म्हणजे हजर असणं. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, आपलं मॅटर कितवं आहे ते सरांना, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांना, कळवायचं आणि ते सेशन्स कोर्टात अडकले असतील तर मॅजिस्ट्रेटच्या किल्ला कोर्टात पासओव्हर, म्हणजे आपलं मॅटर जरा उशिरा घ्या, असं मागायचं. तारीख पडली की रोजनाम्यात (केसमध्ये त्या दिवशी काय झालं त्याची कोर्टातली नोंद) काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हलायचं नाही, हे मला कोर्टाच्या कारकून, शिरस्तेदार मॅडमनी शिकवलं. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा सीनियरांनाही कलमांचे नवे आकडे शोधावे लागत होते, त्याची मजा वाटायची. पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनं दंडविधानच लागतं, म्हणून बॅगेत दोन्ही पुस्तकं. पैशाचं म्हणाल तर रेल्वेचा पास, डबा आणि कोटाची धुलाई एवढं भागायचं. बाबांची नोकरी चालू होती म्हणून टिकले. माझ्याबरोबरच्या दोघी हुशार होत्या, त्यांना कंपनीत जावं लागलं.

चर्चगेट स्लो
बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलंय, शहरातल्या ज्युनियरला महिना किमान 20,000 द्या म्हणून. शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या सरांना दाखवलं. म्हणाले, "टायपिंग छान केलंय."

पागडीवाला
माझी सगळी वकिली धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात त्या कोर्टात. हायकोर्टाचा रुबाब इथे नाही, पण मुंबई कळायची असेल तर इथे बसा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. मालक म्हणतो खोली मला स्वतःला हवी, भाडेकरू म्हणतो याच्या तीन खोल्या रिकाम्या आहेत. मग उलटतपासणीत मालकाच्या मुलाचं लग्न कधी, सून कुठे झोपते, इथपर्यंत सगळं निघतं.

माझं पहिलं स्वतंत्र मॅटर गिरगावातल्या एका आजींचं. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, सासरे जाऊन जमाना झाला, मालक म्हणतो तुम्ही भाडेकरू नाहीच. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत त्या खोलीत कुटुंबातलं कोण राहत होतं, इथे सगळं अडतं. आजींनी पत्र्याची ट्रंक उघडली. आत सुतळीने बांधलेल्या पावत्या, जुनं रेशनकार्ड आणि मुलाचा शाळेचा दाखला, त्यावर त्याच खोलीचा पत्ता! दुपारभर जमिनीवर बसून कागद तारखेने लावले. फी म्हणून त्यांनी पाकिटात जे दिलं ते मोजायची हिंमत झाली नाही, पण पुढची तीन मॅटरं त्याच चाळीतून आली. मुंबईत ओळख नसलेल्या वकिलाला अशील असेच मिळतात, चाळीच्या जिन्यातून. कार्ड वाटून कोणी येत नाही. (जाहिरात करायची तर वकिलांना तशीही मनाई आहे.)

आर्टिकल क्लार्क
मी मराठी माध्यमाचा. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात) इंग्रजीची भीती होतीच. सॉलिसिटर (मुख्यतः कागदपत्रांचं काम करणारा वकील) व्हायला तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या ऑफिसात उमेदवारी, आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. ऑफिसातल्या बंद झालेल्या फायली घरी नेऊन प्लेंट (दाव्याचे अर्ज) हाताने उतरवून काढायचो. ड्राफ्टिंगवर लाल पेनाने मारलेल्या रेघा हळूहळू कमी झाल्या. कोर्टात उभं राहायची आवड असेल तर मात्र हा रस्ता धरू नका, इथे कागद जास्त, बोलणं कमी.

बँकेतून सुटका
मी चाळिशी उलटल्यावर सनद घेतली. नोकरी सांभाळून संध्याकाळी वकिली करू, असं कोणाच्या मनात असेल तर ते जमत नाही, पूर्णवेळ पगारी माणसाला प्रॅक्टिस करता येत नाही. म्हणून आधी घराचं कर्ज फेडलं, मग राजीनामा. नोंदणी फीचा प्रश्न आता हलका झालाय. सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगितलं की खुल्या गटाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांच्या वर नोंदणी फी घेता येणार नाही. वकिलीसाठी द्यावी लागणारी बार परीक्षा असते, ती वेगळी. भाचीला न्यायाधीश व्हायचं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या मे 2025 च्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आलीय, तेही धरून चाला.

धागाकर्ती
भाचीने सगळं वाचलं. तिचा एकच प्रश्न: सीनियर निवडायचा कसा?

पागडीवाला
कोर्टात मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. आठवडाभर येऊन बसायला सांगा. ज्या वकिलाचा ज्युनियर नुसत्या फायली उचलत नाही, स्वतः उभा राहून दोन वाक्यं बोलतो, त्या वकिलाला दुपारच्या सुट्टीत गाठायचं. आणि पैशाचं पहिल्याच भेटीत विचारायचं, लाजायचं नाही.